के9वायओ-15: सोळा ग्रॅमचा ट्रॅकर आणि युकॉनवरचं आकाश

अलास्काच्या नैऋत्य किनाऱ्याला ब्रिस्टल बे लागतो, आणि त्याच्या उत्तर काठाशी हागेमाइस्टर नावाचं बेट आहे. 10 फेब्रुवारी 2023 रोजी, स्थानिक वेळेनुसार दुपारी 3 वाजून 48 मिनिटांनी, या बेटाजवळून एका हौशी फुग्याचा रेडिओ संदेश आला. उंची 38,910 फूट. जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा 11 तारीख लागली होती आणि घड्याळात 00:48 झाले होते. त्यानंतर हा फुगा पुन्हा कधी बोलला नाही.

साधारण वीस तासांनी कॅनडाच्या युकॉन प्रदेशावर, 40,000 फुटांच्या आसपास तरंगणारी एक अनोळखी वस्तू अमेरिकेच्या एफ-22 लढाऊ विमानाने एआयएम-9एक्स क्षेपणास्त्र मारून पाडली. क्षेपणास्त्राची किंमत चार लाख डॉलरहून अधिक. हौशी मंडळींच्या फुग्याची पिशवी सुमारे बारा डॉलरची.

एवढं वाचलं की पुढची बातमी आपोआप तयार होते, आणि तशी ती झालीही. ‘बारा डॉलरच्या फुग्यावर चार लाखांचं क्षेपणास्त्र’ हे वाक्य जगभर फिरलं. पण तो फुगा हाच होता, हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. ज्यांनी तो सोडला त्यांनीही तसा दावा केला नाही. त्यांनी त्याची नोंद फक्त ‘बेपत्ता’ अशी केली. किमतीच्या गमतीपेक्षा मला या प्रकरणातला ट्रॅकर, म्हणजे फुग्याचं ठिकाण रेडिओवरून कळवणारं छोटं यंत्र, जास्त विचार करण्यासारखा वाटतो. हा फुगा लपून उडत नव्हता. चार महिने तो आपलं नाव आणि ठिकाण जगाला उघडपणे सांगत होता. तरीही निर्णायक दिवशी त्या माहितीचा कुणालाच उपयोग झाला नाही. असं का झालं, याचं उत्तर त्याच्या बांधणीतच सापडतं.

फुगा कसा होता

हा फुगा नॉर्दर्न इलिनॉय बॉटलकॅप बलून ब्रिगेड या हौशी क्लबचा. त्याचं नाव के9वायओ-15. यातलं के9वायओ हे हॅम रेडिओचं, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओचं, कॉल साइन किंवा ओळखनाव. 10 ऑक्टोबर 2022 रोजी तो उत्तर इलिनॉयमधून सोडला गेला. शेवटचा संदेश आला तेव्हा त्याला हवेत 123 दिवस होऊन गेले होते आणि पृथ्वीभोवतीची त्याची सातवी फेरी चालू होती.

‘हौशी फुगा’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कॅमेऱ्याचा फुगा येतो: थर्माकोलचा डबा, त्यात कॅमेरा आणि जीपीएस, वर पॅराशूट, त्याच्या वर हवामान खातं वापरतं तसला लॅटेक्सचा पांढरा फुगा. हा फुगा वर जाताना फुगतच राहतो. 30 किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की त्याचा व्यास जमिनीवरच्या सुमारे चौपट होतो, रबर ताणून ताणून फाटतं आणि डबा पॅराशूटवर खाली येतो. सगळा खेळ तीन-चार तासांचा. मग गाडी घेऊन शेताशेतातून डबा शोधत फिरायचं, आणि सापडला तर मेमरी कार्डावर काळं आकाश आणि पृथ्वीची वक्र कड. इथे ट्रॅकरचं काम एकच, डबा सापडवून देणं. ब्रिटनमधली हौशी मंडळी याच्या एक पाऊल पुढे गेली. त्यांनी 434 मेगाहर्ट्‌झवर चित्रांचे तुकडे करून ते उडता उडताच खाली पाठवायला सुरुवात केली. 2012 साली रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि साधा वेबकॅम घेऊन गेलेल्या अशा एका फुग्याने जवळजवळ 40 किलोमीटरवरून थेट चित्रं पाठवली होती.

के9वायओ-15 या जातीचा नव्हता. त्याला पिको फुगा म्हणतात. त्याची पिशवी चंदेरी मायलरची, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्याची, गोल, 32 इंचांची. वाढदिवसाला टांगतात तसल्याच फुग्याची ही जरा बरी आवृत्ती. मायलर ताणत नाही, आणि सगळं गणित या एका गुणावर उभं आहे. वर जाताना आतला वायू पसरतो, पिशवी गच्च भरते, पण मोठी होऊ शकत नाही. मग ज्या उंचीवर बाहेरची हवा पुरेशी विरळ होते तिथे फुगा थांबतो आणि वाऱ्याबरोबर आडवा वाहू लागतो. फुटत नाही, उतरत नाही. पिशवीने साथ दिली तर आठवडेच्या आठवडे, कधी महिने.

हिशोब करून पाहण्यासारखा आहे. फुगल्यावर व्यास 32 इंच धरला तर घनफळ साधारण 0.28 घनमीटर होतं. 38,910 फुटांवर, म्हणजे 11.86 किलोमीटरवर, हवेची घनता जमिनीवरच्या सुमारे पाव, दर घनमीटरला 0.32 किलोच्या आसपास. म्हणजे फुग्याने बाजूला सारलेली हवा भरते जेमतेम 90 ग्रॅम. पिशवीचं मायलर, आतला वायू, ट्रॅकर, सौरपट्टी, अँटेनाची तार या सगळ्यांचं मिळून वजन या 90 ग्रॅममध्ये बसलं पाहिजे. त्यातली पिशवी आणि वायू तर टाळताच येत नाहीत. उरलं ते ट्रॅकरच्या वाट्याला. के9वायओ-15 चा ट्रॅकर, म्हणजे जीपीएस, अर्डुइनो हा चिमुकला नियंत्रक, एसआय5351 ही लहरी निर्माण करणारी चिप आणि सौरपट्टी, सगळं मिळून 16.4 ग्रॅमचा होता. एका साध्या एए आकाराच्या अल्कलाइन सेलचं वजनही याहून जास्त भरतं.

हे फुगे बांधणाऱ्यांचा बराच वेळ जातो तो पिशवीवर. ती आधी साध्या हवेने फुगवून ताण देऊन ठेवतात, म्हणजे जे काही थोडंफार सैल व्हायचं ते जमिनीवरच होऊन जातं. काही दिवस ती गळते का ते बघतात. नळीचं तोंड उष्णतेने चिकटवून बंद करायचं असतं, आणि तिथे एक सुरकुती राहिली तरी चार-पाच दिवसांत फुगा खाली. वायू किती भरायचा हे मोजतात ग्रॅममध्ये: फुगा सगळं वजन उचलून वर आणखी किती उचलू शकतो, ती ‘फ्री लिफ्ट’. ती काही मोजक्याच ग्रॅमची ठेवायची. जास्त भरला तर वर पोहोचल्यावर, सूर्याने आतला वायू तापला की, शिवण सुटते. कमी भरला तर फुगा रेंगाळत चढतो, ढगात दव किंवा बर्फ धरतो आणि त्या दोन-चार ग्रॅमच्या ओझ्यानेच बसतो. म्हणून वारा पडलेला आणि आकाश निरभ्र असेल तेव्हाच सोडायचा.

आता कॅमेरा. तो का नव्हता, हे वजनावरून कळलंच. पण वजन जमवलं असतं तरी चित्र खाली आणायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

दोन मिनिटांत पन्नास बिट

के9वायओ-15 दोन पद्धतींनी बोलायचा. एक एपीआरएस, ही हॅम मंडळींची ठिकाण कळवण्याची पद्धत: उत्तर अमेरिकेत 144.390 मेगाहर्ट्‌झवर, हॅम मंडळींचं जमिनीवरचं जाळं जिथे असेल तिथे. हे ऐकायला फुगा नजरेच्या रेषेत लागतो. 12 किलोमीटर उंचीवरून ही रेषा चारेकशे किलोमीटरपर्यंत जाते, पण पॅसिफिकच्या मध्यावर ऐकणारं आहे कोण? म्हणून दुसरी पद्धत, डब्ल्यूएसपीआर, जिचा उच्चार सगळे ‘व्हिस्पर’ असाच करतात. ती 2008 मध्ये जोसेफ टेलर यांनी आणली. जोड-पल्सारच्या शोधासाठी 1993 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले हेच ते टेलर. गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत वेचून काढायची खगोलशास्त्रातली सवय त्यांनी हॅम रेडिओत आणली, असं म्हणायला हरकत नाही.

व्हिस्परचा संदेश सम मिनिटाला सुरू होतो आणि 110.6 सेकंद चालतो. पट्टा जेमतेम 6 हर्ट्‌झ रुंद. एवढ्या वेळात जातात फक्त 50 बिट: कॉल साइन, चार अक्षरी स्थान-चौकोन (जगाच्या नकाशावर आखलेल्या चौकोनाचं नाव) आणि प्रक्षेपणाची शक्ती. पण वेग सोडून दिल्याच्या बदल्यात पल्ला मिळतो. दहा-वीस मिलिवॉटचा, म्हणजे छोट्या एलईडीला लागते तेवढ्या शक्तीचा, संकेत आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर उकलता येतो. जगभर हॅम लोकांनी आपापले रिसीव्हर यासाठी लावून ठेवलेत आणि ऐकलेलं सगळं आपोआप एका खुल्या यादीत चढतं.

या वेगाने 50 किलोबाइटचा एक फोटो पाठवायचा तर आठ हजारांहून अधिक संदेश लागतील. दोन मिनिटाला एक धरला तर सलग अकरा दिवस. कॅमेऱ्याचा विषय इथेच संपतो.

चार अक्षरी चौकोन किती ढोबळ असतो, ते आपल्याकडचं उदाहरण घेतलं की कळतं. पुणे ‘एमके68’ या चौकोनात येतं. अलिबागही त्याच चौकोनात. मुंबई वरच्या ‘एमके69’ मध्ये, महाबळेश्वर खालच्या ‘एमके67’ मध्ये. आपल्या अक्षांशावर एक चौकोन सुमारे 211 किलोमीटर रुंद आणि 111 किलोमीटर उंच असतो. फुगा नेमका कुठे आहे आणि किती उंचीवर, हे सांगायला बरेच पिको ट्रॅकर एक युक्ती करतात. पहिल्या संदेशापाठोपाठ दुसरा जातो, त्यात कॉल साइनच्या जागी 0, 1 किंवा क्यू ने सुरू होणारं खोटं नाव असतं. या अक्षरांची मालिका कुठल्याच देशाला दिलेली नाही, त्यामुळे खऱ्या कॉल साइनशी गोंधळ होत नाही. त्या नावात आणि शक्तीच्या रकान्यात उंची, तापमान, व्होल्टेज आणि बारीक स्थान कोंबलेलं असतं. म्हणजे माहिती खुली, पण ती वाचायला पद्धत ठाऊक हवी.

आणि हे सगळं फक्त उन्हात. 12 किलोमीटरवर तापमान उणे 50-60 अंशांच्या घरात असतं, तिथे बॅटरी वजनही खाते आणि काम करायलाही कुरकुरते. म्हणून पिको ट्रॅकर बहुधा बॅटरीशिवायच, थेट सौरपट्टीवर चालतात. सूर्य पुरेसा वर आला की चिप जागी होते, जीपीएस उपग्रह शोधते, संदेश जातो. सूर्य कलला की बंद.

जाता जाता एक बारकावा. यूब्लॉक्सच्या लोकप्रिय जीपीएस चिप सुरुवातीच्या, कारखान्यातून येतात त्या अवस्थेत 12 किलोमीटरच्या वर स्थान देणं थांबवतात. त्यांना ‘विमान’ अवस्थेत टाकलं की मर्यादा 50 किलोमीटरवर जाते. कॅमेऱ्याच्या फुग्यांत हे विसरल्याने ऐन मोक्याला ट्रॅकर मुका झाल्याच्या कहाण्या भरपूर आहेत. के9वायओ-15 तरंगत होता तो या 12 किलोमीटरच्या रेषेच्या अगदी अलीकडे.

ते आठ दिवस

फुगा आपल्या गतीने सातवी फेरी घेत असताना खाली वातावरण तापलं होतं. जानेवारीच्या अखेरीस चीनचा एक प्रचंड फुगा, सुमारे 200 फूट उंचीचा, अलास्कामार्गे उत्तर अमेरिकेवर आला. तो 60,000 फुटांवरून संथपणे खंड ओलांडत असताना लोक खालून मोबाइलवर त्याचे फोटो काढत होते. 4 फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याबाहेर तो पाडला. मग राजकीय प्रश्न आला: असे आणखी किती निसटले?

लष्करी रडारवर सगळं दिसत असतं, पण सगळं दाखवलं जात नाही. पक्षी, ढग, संथ वाहणारं काहीबाही पडद्यावर येऊ नये म्हणून वेगाची चाळणी लावलेली असते. नोराडने, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणेने, ती चाळणी बदलली. तसं नोराडचे तेव्हाचे प्रमुख जनरल व्हॅनहर्क यांनीच सांगितलं. चाळणी सैल केल्यावर जे आधीपासून तिथे होतं ते दिसायला लागलं. 10 तारखेला अलास्काच्या उत्तर किनाऱ्याबाहेर, डेडहॉर्सजवळ एक वस्तू पाडली. 11 तारखेला युकॉनवर दुसरी. 12 तारखेला ह्यूरॉन सरोवरावर तिसरी, आणि तिथे तर पहिलं क्षेपणास्त्र हुकलं. धातूचा मुलामा दिलेली मायलरची पिशवी रडारला छानच दिसते. ती वर्षानुवर्षं दिसतच असणार, चाळणीच्या खाली गळून पडत असणार.

16 तारखेला राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी सांगितलं की या तिन्ही वस्तू बहुधा खाजगी कंपन्यांच्या, हौशी मंडळींच्या किंवा संशोधन संस्थांच्या फुग्यांपैकी असाव्यात. दुसऱ्याच दिवशी शोध थांबवण्यात आला. युकॉनमधला शोधाचा पट्टा डॉसन सिटी आणि मेयो यांच्या दरम्यानचा, डोंगराळ, फेब्रुवारीत बर्फाने भरलेला. काही सापडलं नाही.

काय जुळतं

आधी अंतर. हागेमाइस्टरपासून मेयोपर्यंत सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरच्या जरा आत. शेवटचा संदेश आणि क्षेपणास्त्र यांत वीस तासांच्या आसपासचं अंतर. म्हणजे सरासरी वेग ताशी 70-75 किलोमीटर. त्या उंचीवरच्या वाऱ्याला हे काहीच नाही. अमेरिकेची हवामान संस्था नोआ धूर आणि प्रदूषण कुठे वाहून जाईल हे काढायला हिसप्लिट नावाचं प्रारूप वापरते. फुगेवाले तेच आपल्या कामाला लावतात. त्यानुसारही 11 तारखेला फुगा मध्य युकॉनवर असायला हवा होता. उंचीही जुळते: एकीकडे 38,910 फूट, दुसरीकडे सुमारे 40,000. शिवाय अमेरिकी लोकप्रतिनिधींना पाठवलेल्या संरक्षण खात्याच्या टिपणात या वस्तूचं वर्णन ‘खाली ओझं टांगलेला लहान धातूसदृश फुगा’ अशा अर्थाचं होतं. पिको फुग्याचं याहून नेमकं वर्णन एका ओळीत करणं अवघड आहे.

न जुळणारं असं की कॅनडाच्या संरक्षणमंत्र्यांनी पहिल्या दिवशी वस्तू ‘दंडगोलाकार’ असल्याचं सांगितलं होतं. ताशी शेकडो किलोमीटरने जाणाऱ्या विमानातून जवळजवळ स्थिर, हातभर रुंदीच्या वस्तूचा आकार किती ओळखता येतो, याबद्दल मला शंका आहे, पण शंका हा पुरावा नव्हे. सप्टेंबर 2024 मध्ये कॅनडाच्या सीटीव्हीने माहितीच्या अधिकारातून त्या वस्तूचं एक चित्र मिळवलं. ते इतकं धूसर आहे की पाहणारा आपलं आधीचं मतच त्यात पाहतो.

माझा कल ‘बहुधा तोच’ याकडे आहे. पण लोक ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भर देतात, तो म्हणजे ‘त्यानंतर फुगा गप्प झाला’, तो मुद्दा मी पुराव्यात धरणार नाही.

त्याचं कारण सूर्य. 10 फेब्रुवारीला हागेमाइस्टरच्या अक्षांशावर ऐन दुपारीदेखील सूर्य क्षितिजापासून 17 अंशांपलीकडे चढत नाही. 3:48 ला तो आणखी खाली, तेराएक अंशांवर आलेला होता. आडव्या सौरपट्टीवर अशा तिरप्या उन्हातून फारच थोडी वीज मिळते. तेव्हा त्या दिवशीचं बोलणं तिथेच संपलं यात विशेष काही नाही, रोज संध्याकाळी तेच होत होतं. दुसऱ्या दिवशी फुगा आणखी उत्तरेला सरकलेला. मेयोच्या अक्षांशावर त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य साडेबारा अंशांच्या आत. म्हणजे फुगा ठणठणीत असता, तरी 11 तारखेला दिवसभर त्याच्याकडून चकार शब्द न येणं अगदी शक्य होतं. क्षेपणास्त्र लागलं म्हणून तो गप्प होता की ऊन नव्हतं म्हणून, हे त्या मौनातून काढता येत नाही. नंतरच्या दिवसांत तो दक्षिणेला येऊन पुन्हा बोलला असता तर प्रकरण मिटलं असतं. तो बोलला नाही. पण चार महिने उन्हाचा आणि रात्रीच्या गारठ्याचा ताण सोसलेली पिशवी अशीही कधीतरी सुटतेच.

म्हणून क्लबने ‘बेपत्ता’ हा शब्द वापरला तो मला नुसता सावध नाही, अचूक वाटतो.

माहिती होती, मग पोहोचली का नाही

इथे या प्रकरणाची खरी गाठ आहे. हवाई वाहतुकीत विमानाची ओळख ट्रान्सपॉन्डर सांगतो. रडारने विचारलं की तो उत्तर देतो, किंवा एडीएस-बी मधून सेकंदासेकंदाला आपण होऊन सांगत राहतो. पिको ट्रॅकर दिवसातून काही तास, दहा मिनिटांनी एखादा संदेश, तोही हॅम लोकांच्या यादीत. दोन्ही ठिकाणी ‘मी अमुक, मी इथे’ हीच माहिती, पण गावचावडीची नोंदवही वेगळी आणि पोलीस ठाण्याची वेगळी, तसला प्रकार. वैमानिकाला लक्ष्य दिसल्यानंतर हातात काही मिनिटं असतात. तेवढ्यात कुणी शौकिनांच्या संकेतस्थळावर जाऊन कालच्या शेवटच्या नोंदीवरून वाऱ्याचा हिशोब मांडत बसेल, ही अपेक्षाच चूक.

उलट दिशेनेही प्रयत्न झाला होता. असे फुगे बनवणाऱ्या एका व्यावसायिकाने त्या दिवसांत लष्कराला आणि एफबीआयला ‘तुम्ही पाडताय ते काय असू शकतं’ हे कळवण्याचा प्रयत्न केल्याचं ‘एव्हिएशन वीक’ने छापलं. त्याला इकडून तिकडे टोलवण्यात आलं.

नियमाच्या बाजूने क्लबने काही चुकवलं नव्हतं. अमेरिकी नियमावलीचा भाग 101 मोकळ्या फुग्यांवर बंधनं घालतो, पण ती लागू होतात ती ओझ्याचा एक डबा सहा पौंडांच्या वर, किंवा सगळे मिळून बारा पौंडांच्या वर गेले तर. चार पौंडांच्या वरचा डबा फार घट्ट, म्हणजे आकाराच्या मानाने जड असला तरीही. 16.4 ग्रॅम या सगळ्याच्या कुठे आसपासही येत नाही. विमानाला धोका किती, या प्रश्नाचंही उत्तर वजनातच आहे. प्रवासी विमानाची पुढची काच चार पौंडांचा, म्हणजे 1.8 किलोचा पक्षी नेहमीच्या वेगात आदळला तरी आत घुसू नये, या कसोटीवर उतरलेली असते. ‘नागरी विमानांना धोका’ हे कारण त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा दिलं गेलं. पिको फुग्याच्या बाबतीत ते मला पटत नाही.

पण हलक्या फुग्यांना सरसकट निरुपद्रवी म्हणणंही बरोबर नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये डेन्व्हरहून लॉस एंजेलिसला निघालेल्या युनायटेडच्या बोइंग 737 ची काच युटावर 36,000 फुटांवर तडकली. वैमानिकाला काचेच्या कपच्या लागल्या, विमान सॉल्ट लेक सिटीला उतरवावं लागलं. आदळलेली वस्तू विंडबोर्न या कंपनीचा हवामान-फुगा होता. वजन 2.4 पौंड, नियमाच्या मर्यादेत. के9वायओ-15 च्या ट्रॅकरहून तो साठपटीहून जड होता, हे खरं. तरीही ‘मर्यादेत आहे’ म्हणजे ‘सुरक्षित आहे’ असं नाही, हे त्या काचेने दाखवलं.

2024 च्या एफएए (अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था) पुनर्प्राधिकरण कायद्यात 10,000 फुटांच्या वर जाणाऱ्या फुग्यांनी आपली उंची, स्थान आणि ओळख सतत प्रसारित करावी यासाठी मानकं ठरवायला समिती नेमण्याची तरतूद आली. हेतू रास्त आहे. अडचण आहे ती वजनाची आणि विजेची: ‘सतत’ म्हणजे रात्रीही, म्हणजे बॅटरी, आणि मग 90 ग्रॅमचा सगळा हिशोब मोडतो. मोठ्या फुग्यांना हा नियम हवाच, किलोभर वजनाला एक छोटा ट्रान्सपॉन्डर जड नाही. पिको फुग्यांना तो जसाच्या तसा लावला तर ते बंदच पडतील. सोडताना आणि मग रोज, शेवटचं ठिकाण हवाई नियंत्रणाच्या यंत्रणेत पोहोचेल अशी सोय करणं जास्त शहाणपणाचं ठरेल. संदेश तर आधीच खुले आहेत, ते तिथवर नेणारं कुणी हवं.

इकडचं काय

महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांना उंचावरचे फुगे अगदीच अनोळखी नाहीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे. तिथून पॉलिथिनचे मोठे फुगे उपकरणं घेऊन 30-40 किलोमीटरवर जातात आणि उपकरणं रंगीत पॅराशूटवर खाली येतात. विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास कुठेही. म्हणून संस्था आधीच महाराष्ट्रासह शेजारच्या राज्यांतल्या जिल्ह्यांना सूचना देते: अशी पेटी दिसली तर उघडू नका, हलवू नका, जवळच्या पोलिसांना कळवा. न छेडता कळवणाऱ्याला बक्षीसही. रेडिओ ट्रॅकर असूनही खाली माणसं तयार ठेवण्याची ही रीत मला फार आवडते. डब्यावर मराठीत दोन ओळी आणि फोन नंबर, हे कुठल्याही कॅमेऱ्याच्या फुग्यावर हवंच.

आपल्याकडे हौसेखातर मोकळा फुगा सोडणं मात्र परवानग्यांशिवाय करायची गोष्ट नाही. त्यात तरंगणारा पिको फुगा म्हणजे तर आंतरराष्ट्रीय भानगड. हिवाळ्यात 12 किलोमीटरवर भारतावर पश्चिमेकडून जेट प्रवाह वाहतो. महाराष्ट्रातून सोडलेला फुगा एक-दोन दिवसांत बंगाल, मग म्यानमार, चीन. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेचा प्रवाह असतो, तेव्हा तो अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे. प्रचलित ट्रॅकरांच्या प्रणालीत यासाठी भौगोलिक कुंपण घातलेलं असतं: येमेन, उत्तर कोरिया यांच्यावर असताना प्रक्षेपण आपोआप बंद. म्हणजे कायदा पाळायचा तर काही देशांवर ट्रॅकरने गप्पच बसायचं. युकॉनच्या प्रकरणानंतर हा पेच जास्तच टोचतो.

ज्यांना या छंदात शिरायचं आहे त्यांनी सुरुवात ऐकण्यापासून करावी. 20 मीटरच्या पट्ट्यावर, 14.0956 मेगाहर्ट्‌झला लावलेला साधा रिसीव्हर, गच्चीवर दहा मीटर तार आणि संगणकावर मोफत मिळणारी उकल-प्रणाली एवढ्यावर जगभरचे व्हिस्पर संदेश येऊ लागतात, आणि त्यांत अधूनमधून एखादा फुगाही असतो. प्रक्षेपण करायला मात्र हॅमचा परवाना लागतो, परीक्षा देऊन. मध्य आशिया आणि हिंदी महासागराच्या पट्ट्यात ऐकणारी केंद्रं युरोप-अमेरिकेच्या मानाने विरळ आहेत. तिथून जाणाऱ्या फुग्याच्या मार्गात मोठमोठ्या फटी पडतात, आणि पुण्यात किंवा नागपुरात चालू राहिलेला एखादा रिसीव्हर त्यांतली एखादी फट भरू शकतो.